ईजीआरला पत्रा मारून पीयूसी पास करावी का?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल हॅचबॅक, २०१४ ची, बीएस ४ (प्रदूषणाच्या भारत स्टेज नियमांचा चौथा टप्पा), रनिंग लाखाच्या पुढे गेलंय. गेले काही महिने चढाला दम खाते, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि जरा रेस दिली की मागून काळा धूर. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो कधी विझतो. पीयूसी याच महिन्यात संपतेय म्हणून आधी गॅरेजला दाखवली, तर स्कॅनरवर ईजीआरचा (जळका गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कोड आला. मेकॅनिक म्हणाला व्हॉल्व्ह काजळीने चोक झालाय, नवीन टाकायचा तर बराच खर्च, त्यापेक्षा पत्रा मारून टाकू, म्हणजे गॅसची वाटच पत्र्याने बंद, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल आणि पीयूसी फटक्यात पास.

माणूस जुना आहे, कामाला चांगला आहे, पण मला हे पटत नाहीये. प्रदूषण कमी करायला बसवलेला पार्ट बंद करायचा आणि प्रदूषणाच्या तपासणीत पास व्हायचं, हे गणित कसं काय जुळतं? कोणी पत्रा मारलाय का, साफ करून घेतलाय का, पुढे काय झालं, सविस्तर लिहा. अनुभव हवेत.

टॉपगिअर_नाशिक
बिनधास्त मारा पत्रा. माझ्या गाडीला मारलाय, पिकअप एकदम भारी, पीयूसीला काही अडचण नाही.

सिंहगडपायथा
+१. निम्म्या डिझेल गाड्यांना मारलेला असतो, मालकाला माहीतही नसतं.

शाफ्टवाला
कर्वेरोडकर, गणित जुळतं, आणि ते का जुळतं हे कळलं की तुमचा प्रश्न सुटेल. इंजिन टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा लांबण लावतो.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निरुपद्रवी. पण सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान दीड हजार अंशांच्या वर गेलं की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, ज्याला आम्ही सगळे नॉक्स म्हणतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त आणि हवाही गरजेपेक्षा जास्त, त्यामुळे नॉक्स भरपूर. ईजीआर काय करतो, तर जळून बाहेर पडलेल्या गॅसचा काही भाग परत इनटेकला सोडतो. त्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड, वाफ जास्त. ते स्वतः जळत नाहीत, उलट उष्णता शोषतात. निखाऱ्यांवर राख पसरली की धग उतरते तसं. तापमान उतरलं की नॉक्स उतरला. हलक्या लोडला डिझेल इंजिन आत घेत असलेल्या हवेत निम्म्यापर्यंत असा परतीचा गॅस असू शकतो, पेट्रोलला प्रमाण बरंच कमी.

आता याची दुसरी बाजू. ऑक्सिजन कमी झाला की काजळी थोडी वाढते. म्हणजे नॉक्स खाली दाबला की धूर वर येतो आणि धूर दाबला की नॉक्स वर. डिझेलवाल्यांची सगळी हयात या दोघांचा मेळ घालण्यात जाते.

आणि पीयूसीला डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत. म्हणून पत्रा मारलेली गाडी पास होते.

कर्वेरोडकर
बापरे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो व्हॉल्व्ह आहे ती गोष्टच तपासणीत नाही??

शाफ्टवाला
डिझेलसाठी नाही. पेट्रोललाही नाही. पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, बीएस ४ चारचाकीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून मोनॉक्साइड आणि लॅम्बडा, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण. नॉक्सचा रकाना कुठेच नाही. आणि असता तरी गाडी उभी असताना इंजिनावर लोड नसतो, तेव्हा नॉक्स असतोच नगण्य. तो खरा मोजायचा तर गाडी रोलरवर चढवून लोड देऊन मोजावी लागते, जसं आपल्या पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत नवीन मॉडेलचं करतात.

धूरकेंद्र
मी पीयूसी सेंटर चालवतो, मराठवाड्यात. शाफ्टवाला सरांनी बरोबर सांगितलं. डिझेलची पद्धत अशी की इंजिन पूर्ण गरम पाहिजे, मग एक्सलेटर एकदम तळापर्यंत दाबायचा, इंजिन टॉप आरपीएमला गेलं की सोडायचा. आधी अशा काही रेसा मारून सायलेन्सरमधली जुनी काजळी उडवायची आणि मगच रीडिंग घ्यायचं. मशिनमध्ये धुरातून प्रकाश किती अडतो ते बघतात. बीएस ४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याच्या आधीच्या गाड्यांना २.४५.

लोक काय करतात, घरून निघून दोन मिनिटांत माझ्याकडे, इंजिन थंडगार, आणि रीडिंग जास्त आलं की माझ्याशी भांडण. अहो हायवेला जरा फिरवून आणा, एअर फिल्टर बघा, मग या. आता सगळं सरकारच्या 'वाहन' पोर्टलला जोडलेलं आहे, नंबरप्लेटचा फोटो जातो, मशिनचं रीडिंग थेट चढतं. गाडी न आणता कागद द्या म्हणणारे अजून येतात, मी देत नाही. कोणी बाहेर हजार रुपये देतो म्हणाला तरी देत नाही. धंदा छोटा आहे पण हा धंदा कशासाठी आहे हे मला माहीत आहे.

मिसळप्रेमी
धूरकेंद्र, तुमच्यासारखे चार अजून भेटले पाहिजेत. __/\__

टॉपगिअर_नाशिक
सगळं मान्य, पण पिकअप वाढतो हे तर खरं ना? मी स्वतः अनुभवलंय. कसारा घाटात तिसऱ्यावर जात होती ती आता चौथ्यावर जाते.

शाफ्टवाला
टॉपगिअर, तुमचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. चांगल्या स्थितीतला व्हॉल्व्ह तुम्ही पाय पूर्ण दाबलात की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बंदच करतो, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. तुमचा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असणार, म्हणून घाटातही जळका गॅस आत येत होता, हवा कमी पडत होती, धूर होत होता, दम जात होता. पत्र्याने ती गळती बंद झाली. साफ करून व्हॉल्व्ह नीट मिटायला लागला असता तर हाच पिकअप मिळाला असता. तुम्ही तुलना बिघडलेल्या व्हॉल्व्हशी करताय, नीट असलेल्याशी नाही.

आणि कर्वेरोडकर, यातच तुमचं उत्तर आहे. पीयूसीच्या टेस्टमध्ये एक्सलेटर एकदम दाबतात, म्हणजे नीट चालणारा ईजीआर त्या क्षणी मिटतो. साफ केलेला व्हॉल्व्ह आणि पत्रा, दोन्हींचं धुराचं रीडिंग जवळपास सारखंच येणार. पीयूसीसाठी पत्रा मारायची गरजच नाही!

कर्वेरोडकर
हे कोणी सांगितलंच नव्हतं. भारी. मग साफ करण्याबद्दल लिहा कोणीतरी, कसं करतात, काय काळजी घ्यायची.

डॉ_चिंचवड
साफ करण्याआधी मी दोन शब्द लिहू का, कारण "नॉक्स मोजत नाहीत ना, मग काय फरक पडतो" असा सूर पुढे निघेल असं वाटतंय. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतो, दमा असलेल्या मुलांचा त्रास वाढवतो. दिसत नाही, काजळीसारखा कपड्यावर बसत नाही म्हणून कोणाला त्याची भीती वाटत नाही. शिवाय उन्हात त्याचा जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि हवेत अमोनियाशी मिळून नायट्रेटचे बारीक कण, म्हणजे जे पीएम २.५ आपण बातम्यांत वाचतो त्यातले काही याच वायूपासून झालेले असतात. आपल्याकडे नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची १० वर आणली.

काळ्या धुरावर लोक ओरडतात आणि ओरडलंच पाहिजे. पण पत्रा मारलेल्या गाडीचा धूर स्वच्छ दिसतो म्हणून ती स्वच्छ आहे असं समजू नका. सिग्नलला त्या गाडीमागे रिक्षात बसलेल्या शाळेच्या पोरांच्या नाकाची उंची आणि तुमच्या सायलेन्सरची उंची यात फार अंतर नसतं.

माणदेशी_पिकअप
डॉक्टर ताई, तुमचं सगळं खरं आहे, पण आमचं पण ऐका. माझी पिकअप आहे, डाळिंबं आणि टोमॅटो नेतो वाशीला. रात्री माल भरायचा, पहाटे मार्केटला पोचायचं. हंगामात खंबाटकी चढताना गाडीनं दम सोडला, स्पीड पडलं, लिंप मोडला गेली, म्हंजे बिघाड दिसला की गाडी आपणच ताकद कमी करती. बोर्ड लावून बाजूला हुबा राहिलो. माल उशिरा पोचला आणि भाव पडल्यावर गेला. शोरूमला सांगितलं तर व्हॉल्व्ह बदला, ईजीआरचा कूलर बदला, गाडी इथंच ठेवा. आमच्याकडं दुसरी गाडी न्हाय. शेवटी हायवेच्या फिटरनं अर्ध्या तासात पत्रा मारून दिला आणि तवापासून गाडी पळतीय. शहरात बसून बोलणं सोपं आहे. ज्याचं पोट गाडीवर आहे त्यानं काय करायचं सांगा.

डॉ_चिंचवड
दादा, तुमच्यावर बोट ठेवायचा हेतू अजिबात नाही. दुरुस्ती लवकर आणि परवडेल अशी मिळत नाही हा प्रश्न खराच आहे.

सह्याद्री_डिझेल
माणदेशी भाऊ, तुमच्यासारख्यांच्या गाड्याच माझ्याकडे जास्त येतात. कोल्हापूरला गॅरेज आहे. आधी कर्वेरोडकरांना उत्तर देतो, मग तुमच्याकडे येतो.

पहिली गोष्ट, काळा धूर म्हणजे ईजीआरच असं नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर उघडून बघा, मग टर्बोपासून इनटेकपर्यंतचा होज फाटलाय का, क्लिप ढिली आहे का. हा होज फाटला तरी पिकअप जातो, काळा धूर येतो आणि लोक ईजीआर बदलत बसतात. मग इंजेक्टर. स्कॅनरवर कोड काय आला ते मेकॅनिकला विचारा. पी०४०१ म्हणजे गॅसचा फ्लो कमी, पी०४०२ म्हणजे जास्त. तुमची लक्षणं, आयडलला थरथर आणि काळा धूर, उघडा अडकलेल्या व्हॉल्व्हची आहेत.

साफ करताना बॅटरीची निगेटिव्ह काढायची, इंजिन थंड असू द्यायचं. व्हॉल्व्हला कूलंटचे पाइप असतील तर ते क्लँप करून काढायचे नाहीतर कूलंट सांडणार. व्हॉल्व्ह खोलला की आत डांबरासारखा थर दिसेल. तो नुसत्या काजळीचा नसतो, क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ त्यात मिसळून तो चिकट होतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने मोठा थर काढायचा, मग कार्ब क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश. मोटर आणि कनेक्टरच्या बाजूला क्लीनर जाऊ द्यायचा नाही, व्हॉल्व्ह अख्खा बुडवायचा नाही. काही जण कॉस्टिक सोड्यात टाकतात, ते मुळीच करू नका, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी खाऊन टाकतो. सीटवर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतोय का हे उजेडाकडे धरून बघायचं. गॅस्केट नवीन. आणि व्हॉल्व्ह साफ करून मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरमध्ये नेणाऱ्या नळ्या) तसाच ठेवला तर निम्मं काम झालं, तो पण उतरवून धुवायला लावा, मॅप सेन्सरच्या (हवेचा दाब मोजणारा) तोंडावरची काजळीही पुसून घ्या. बऱ्याच गाड्यांना शेवटी स्कॅनर लावून व्हॉल्व्हची पोझिशन नव्याने शिकवावी लागते. ते न करताच गाडी दिली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, साफ करून काही फरक नाही म्हणतं.

माणदेशी भाऊ, तुमच्या गाडीचा पत्रा काढायचा असेल तर हंगाम संपल्यावर आणा, सकाळी आणली की संध्याकाळी परत. सगळं उघडून दाखवीन.

सिंहगडपायथा
मॅनिफोल्डमधून निघालेल्या काजळीचा फोटो टाका ना कोणीतरी, जेवण झाल्यावर बघतो.

मिसळप्रेमी
मी मिसळ खाता खाता बघू शकतो. तर्रीचा रंग वेगळा असतो. :)

बे_एरियाकर
कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे स्मॉग चेक म्हणतात, दर २ वर्षांनी. मी विद्यार्थी असताना नव्वदच्या दशकातली एक पेट्रोल सेडान घेतली होती. आमच्या भागात १९९९ पर्यंतच्या पेट्रोल गाड्या रोलरवर चढवून १५ आणि २५ मैल वेगाला मोजतात, आणि तिथे नॉक्सचा आकडा असतो. गाडी त्या एका रकान्यात फेल झाली, बाकी सगळं उत्तम. मेकॅनिकने ईजीआरच्या वाटा उघडल्या तर कार्बनने बुजलेल्या, गॅस जातच नव्हता. साफ केल्यावर पास. म्हणजे शाफ्टवाला म्हणतात तसं, मोजलं की सापडतं.

२००० नंतरच्या गाड्यांना रोलर नाही, सरळ ओबीडीला, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या बिघाड ओळखणाऱ्या यंत्रणेला, वायर जोडतात. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर फेल. आदल्या दिवशी बॅटरी काढून कोड पुसून गेलात तरी सापडता, कारण कोड पुसला की गाडीच्या आतल्या स्व-तपासण्या अपूर्ण दिसतात, आणि पेट्रोल गाडीला टाकीच्या वाफेची एक सोडून बाकी सगळ्या पूर्ण लागतात. वर डोळ्यांनी पाहणी असतेच, पार्ट जागेवर आहे का, पाइप जोडलेला आहे का.

शाफ्टवाला
हे आपल्याकडेही करता येण्यासारखं आहे. एप्रिल २०१३ पासून आपल्या बीएस ४ गाड्यांना ओबीडी २ आहे. कर्वेरोडकरांची गाडी ईजीआर बिघडलाय हे दिवा लावून ओरडून सांगतेय, आणि पीयूसीला तो दिवा कोणी बघत नाही. वायर जोडायला दोन मिनिटं लागतात. माझ्या मते पीयूसीत सगळ्यात आधी हा बदल झाला पाहिजे, त्याला कोट्यवधींची मशिन लागत नाहीत.

धूरकेंद्र
मी उद्या सुरू करायला तयार आहे, नियम आला पाहिजे.

लंडनचा_पाऊस
यूकेत एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, दरवर्षी, गाडी ३ वर्षांची झाली की. इथेही टेस्टला नॉक्स मोजत नाहीत, ते आधीच सांगतो, नाहीतर वाटेल परदेशात सगळं छान. पण मे २०१८ पासून नियम कडक केले. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीतून डोळ्याला दिसेल असा कुठल्याही रंगाचा धूर आला की फेल. कंपनीने बसवलेलं उत्सर्जनाचं उपकरण काढलेलं किंवा उघड उघड बदललेलं दिसलं की फेल. आणि नॉक्ससाठी लंडनने वेगळी वाट काढली, जुन्या डिझेल गाड्यांना शहरात आणायचे दिवसाला साडेबारा पाउंड. ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे विभागांना, लागू. डिझेल युरो ६ असेल तरच सूट. आमच्या सोसायटीतल्या कितीतरी डिझेल गाड्या त्या वर्षी विकल्या गेल्या.

नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत आता कणांची संख्या मोजणारं मशिन आलंय, डीपीएफ काढून नुसती नळी घातली असेल तर लगेच पकडतात.

हिंजवडी_हायवे
माझी बीएस ६ डिझेल एसयूव्ही आहे, २०२१ ची. मेकॅनिक सांगतोय ईजीआर आणि डीपीएफ दोन्ही सॉफ्टवेअरमधून बंद करून देतो, रिमॅप. करावं का? डीपीएफचा दिवा सारखा लागतो, ऑफिस सहा किमीवर आहे.

शाफ्टवाला
मुळीच नाही. तुमचा त्रास गाडीचा नाही, वापराचा आहे. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, सहा किमीच्या ट्रॅफिकमध्ये ते कधीच येत नाही. दर आठवड्याला एकदा एक्सप्रेस वेवर अर्धा-पाऊण तास सलग चालवा, रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जळण्याचं काम, चालू असताना गाडी बंद करू नका. ऑइल कंपनीने सांगितलेल्या लो-अ‍ॅश ग्रेडचंच. रोजचा वापर एवढाच असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या.

आणि बीएस ६ साठी काय काय केलं ते बघा. बीएस ४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किमीला ०.२५ ग्रॅम होती, बीएस ६ ला ०.०८. कणांची ०.०२५ वरून ०.००४५. त्यासाठी डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं, सगळ्या रिफायनऱ्या बदलल्या. एप्रिल २०२३ पासून तर प्रत्यक्ष रस्त्यावर यंत्र लावून मोजतात. एवढं सगळं करून एका लॅपटॉपने पाच मिनिटांत ते पुसून टाकायचं, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्यासारख्या शेकडो लोकांनी थंड इंजिन, गरम इंजिन, लेहची उंची, चेन्नईची उष्णता, सगळीकडे नेऊन ईसीयूतले ते नकाशे (कधी किती डिझेल, हवा, ईजीआर याचे तक्ते) बसवलेले असतात.

सिंहगडपायथा
कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळाच्या आहेत. फोक्सवॅगनचं प्रकरण विसरलात काय.

शाफ्टवाला
विसरलो नाही. सप्टेंबर २०१५. तिथे नेमका हाच मुद्दा होता. गाडीला सॉफ्टवेअरने कळायचं की आपण टेस्टच्या रोलरवर आहोत, तेव्हा नॉक्स दाबायचा, रस्त्यावर आलं की मोकळा सोडायचा. अमेरिकेत मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. सापडलं कसं, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या डिकीत यंत्र ठेवून रस्त्यावर मोजलं. भारतातही एआरएआयच्या तपासणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, आणि मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. मग सुप्रीम कोर्टात गेलं ते. एका कंपनीने केलं तेव्हा जगभर बोंब झाली. तेच आपण एकेका गाडीला पत्रा मारून करतो तेव्हा कोणी मोजत नाही म्हणून चालून जातं.

रांजणगाव_फाटा
थोडं अवांतर. फियाटचं १.३ मल्टीजेट आमच्या रांजणगावच्या प्लांटमध्ये बनायचं, १२४८ सीसी. इंडिका व्हिस्टा, मांझा, लिनिया, पुंटो, सगळ्यांत तेच. मारुती तिकडे लायसन्स घेऊन स्वतः बनवायची, म्हणून लोक त्याला नॅशनल इंजिन म्हणायचे. बीएस ६ ला आणायचा खर्च परवडेना म्हणून २०२० मध्ये भारतातल्या गाड्यांतून बंद झालं. आमच्या लाइनवरच्या पोरांना अजून त्याचा आवाज लांबून ओळखू येतो. नॉक्सच्या आकड्यांमुळे एक चांगलं इंजिन गेलं म्हणून तेव्हा राग आला होता, डॉक्टर ताईंचं वाचून आता दोन्ही बाजू दिसतात.

मिसळप्रेमी
मांझाच्या मागच्या सीटवर झोपून मी अख्खी कोकणवारी केलीय. काय इंजिन होतं!

वकिलीचष्मा
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उत्सर्जनाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२), १० हजारांपर्यंत. म्हणजे पीयूसीचा कागद हातात आहे म्हणून पत्रा कायदेशीर होत नाही. विम्याचं अनेक जण विचारतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण नको असं सांगितलं होतं, ती अट जुलै २०२४ मध्ये काढली. पीयूसी बाळगायचं बंधन मात्र तसंच आहे. बीएस ४ आणि बीएस ६ ला वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची.

टॉपगिअर_नाशिक
पत्र्याला मधे बारीक भोक पाडतात ना, म्हणजे कोड येत नाही, ते पण चालत नाही का?

सह्याद्री_डिझेल
भोक पाडतात ते ईसीयूला फसवायला, जेमतेम थोडा गॅस गेल्यासारखा दाखवायला. बऱ्याच गाड्यांत कोड तरीही येतो. आणि त्या भोकातून एवढासाच गॅस जातो की नॉक्स जवळपास पत्रा मारल्याइतकाच. गाडी आणा, पत्रा काढून व्हॉल्व्ह साफ करून देतो, घाटात चौथा गिअर राहील तसाच राहील. नाही राहिला तर मजुरी घेत नाही.

टॉपगिअर_नाशिक
कोल्हापूर लांब पडतं दादा, पण एवढ्या खात्रीने सांगताय तर इकडे कोणाकडून तरी करून बघतो. नाशकात मॅनिफोल्ड उतरवून साफ करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेट्रोलपेठ
पेट्रोल गाड्यांना ईजीआर असतो का? माझ्या हॅचबॅकच्या बॉनेटखाली तसं काही दिसत नाही.

शाफ्टवाला
काहींना बाहेरून असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत व्हॉल्व्ह टायमिंग पुढेमागे करून जळका गॅस थोडा सिलिंडरमध्येच राखतात, म्हणून वेगळा पार्ट दिसत नाही. पेट्रोलला नॉक्सचं बाकी काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. त्यामुळे तुम्ही तो सांभाळा, आजकाल चोरीला पण जातो.

कर्वेरोडकर
मंडळी, अपडेट. आधी एअर फिल्टर बघितला, बरा होता. टर्बोचा होज चांगला निघाला. मग माझ्याच मेकॅनिककडे गेलो आणि हा धागा त्याला मोबाइलवर वाचून दाखवला, विशेषतः रेस मारली की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो तो भाग. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला चला खोलूया. व्हॉल्व्ह पाऊण उघडा अडकलेला होता, मॅनिफोल्डच्या तोंडाला करंगळी जेमतेम जाईल एवढी वाट उरलेली. दिवसभर लागला सगळं धुवायला, गॅस्केट नवीन टाकल्या, स्कॅनरवरून लर्निंग करून घेतलं. नवीन व्हॉल्व्ह लागला नाही. आयडलची थरथर गेली, दिवा गेला. पीयूसीला रीडिंग ०.७४ आलं, मर्यादा १.६२.

मेकॅनिक म्हणतो पत्र्यापेक्षा यात मजुरी जास्त मिळते, मग मी उगाच पत्रे कशाला मारत बसू. सगळ्यांचे मनापासून आभार.

धूरकेंद्र
०.७४ म्हणजे २०१४ च्या गाडीला फारच छान. अभिनंदन.

माणदेशी_पिकअप
सह्याद्री दादा, डाळिंबाचा हंगाम संपला की येतो. एक विचारायचं होतं, माझ्या गाडीचं कूलंट थोडं थोडं कमी होतंय, खाली कुठं गळत न्हाय. पत्र्याचा त्याच्याशी संबंध आहे का?

सह्याद्री_डिझेल
पत्र्याचा नाही, पण ईजीआर कूलरचा असू शकतो. आतली नळी फुटली की कूलंट एक्झॉस्टमध्ये जातं, बाहेर गळती दिसत नाही, सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर येतो. भाऊ, यासाठी हंगामाची वाट बघू नका. कूलंट संपून इंजिन तापलं तर हेड जाईल. तोवर रोज सकाळी, इंजिन गार असताना, टाकीतली पातळी बघून निघा, आणि वाशीहून परतताना ज्या दिवशी गाडी रिकामी असेल त्या दिवशी फोन करा. साताऱ्यात माझा ओळखीचा माणूस आहे, कूलर प्रेशर लावून तपासून देईल, तुम्हाला कोल्हापूरपर्यंत यायला नको.

माणदेशी_पिकअप
पांढरा धूर येतोय सकाळी. शुक्रवारी गाडी रिकामी आहे. नंबर व्यनि करा.